एकतिसावी पिशवी

सोमवार, २९ डिसेंबर

आज ऑफिसचं कपाट उघडलं आणि पुन्हा डोकं फिरलं. दोनशे किट. नोव्हेंबरात आले, तसेच्या तसे पडलेत. माणसानं आपली एचआयव्हीची तपासणी आपल्या घरात, आपली आपण करावी म्हणून आलेले. सुई नाही, रक्त नाही. हिरड्यांवरून काडी फिरवायची, बाटलीत उभी करायची, वीस मिनिटांनी बघायचं. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर पक्क्या तपासणीला यायचं. एवढं सोपं. आणि खपले किती? चार.

का, तर आमचे प्रकल्प व्यवस्थापक वेणीमाधव सर, त्यांचा नियम. किट हवा असेल त्यानं संस्थेत यायचं, रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, मोबाईल, पत्ता लिहायचा, सही करायची आणि तपासणी समुपदेशकासमोर करायची. समुपदेशक म्हणजे मी. मी खुर्चीत बसून टक लावून बघणार आणि समोरचा तोंडात काडी फिरवणार. मी म्हटलं, "सर, मग यात स्वतःची काय राहिली?" तर म्हणाले, "मॅडम, उद्या वरून विचारलं, किट कुणाला दिले, तर मी काय दाखवू?" माणूस मेला तरी चालेल, रजिस्टर जगलं पाहिजे!

चिंचोळी एमआयडीसीतली पोरं दारापर्यंत येतात, टेबलावरचं ते लांबलचक रजिस्टर बघतात आणि चहा पिऊन जातात. रंभाबाई म्हणाल्या, "नाव लिवायचं म्हटलं की पाय मागं वळत्यात, मॅडम. मी पन आठ दिस दारातनंच परत गेलते की."

रंभाबाई आमच्या फील्डवर्कर, पन्नाशीच्या. चौदा वर्षांपूर्वी नवरा याच आजारानं गेला, मग यांची तपासणी झाली, तर यांनाही तेच. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत आणि आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहेत. मी वैरागहून नवीन आले तेव्हा लोकांशी कसं बोलायचं ते मला यांनीच शिकवलं. उरल्या वेळात शिलाई मशीन चालवतात. बाई सोन्यासारखी, पण बोलते फार थोडं.

शुक्रवार, २ जानेवारी

ही वही मी कुलपात ठेवते. नावं लिहिणं नियमात बसत नाही, पण कुठंतरी ओकायला नको का?

चनबसप्पा आज आला होता. एकोणतीस वर्षांचा, चिंचोळीत टॉवेलच्या कारखान्यात मशीनवर. खपलेल्या चार किटांतला एक त्याचा. दोन रेघा आल्या, सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी झाली, पंधरा दिवस झाले गोळ्या सुरू होऊन. आणि बायकोला पत्ता नाही! गेल्या फेब्रुवारीत लग्न झालंय. दाक्षायणी तिचं नाव, बावीस वर्षांची, अक्कलकोटकडची. इथं बाळे भागात, माझ्या मागच्याच गल्लीत राहतात. रोज सकाळी भाजीच्या गाड्यावर भेटते. "अक्का, मेथी बघा की, किती कोवळी आहे." आणि मी मेथी बघते. दुसरं काय करू?

मी विचारलं, "सांगितलंस का?"

"गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मॅडम. सणासुदीला कुटं…"

"मग निरोध तरी वापरतोस का?"

"आई नातवाची वाट बघतीय. एकदम वापराय लागलो तर दाक्षायणी विचारंल की."

विचारेलच ना बाबा! विचारूच दे! तिडीक गेली डोक्यात. त्याच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी दबायला काही महिने जाणार. तोवर दाक्षायणीनं रोज एक प्रतिबंधक गोळी घेतली तर आजार तिला लागत नाही. अशी गोळी आहे जगात! पण त्याआधी तिची तपासणी हवी, ती स्वच्छ निघायला हवी. आणि तपासणी का, ते मी तिला सांगू शकत नाही. दुसऱ्याची गोष्ट फोडायची नाही, हा नियम बरोबर आहे, बारा वर्षं मीच तो सगळ्यांना शिकवलाय. आज पहिल्यांदा तो घशात हाडासारखा अडकला. जेवण गेलं नाही. आमचे हे, सयाजीराव, म्हणाले, "ॲसिडिटी असंल." हो, असेल.

सोमवार, ५ जानेवारी

प्रतिबंधक गोळीसाठी वरच्या ऑफिसला फोन केला. नाव न सांगता विचारलं, नवऱ्याला आजार आहे, बायकोला नाही, तिला गोळी मिळेल का?

"फॉर्म कोणत्या गटात भरणार?"

"कोणते गट आहेत?"

त्यांनी वाचून दाखवले. ट्रकवाले, स्थलांतरित, अमके, तमके. बायको नाही. म्हटलं, "साहेब, बायको कुठाय?" म्हणाले, "बायको हा जोखमीचा गट नाही, मॅडम."

मी फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटला, बांगडी फुटली. नवरा जोखमीचा, ज्या बाईकडून आणला ती जोखमीची, आणि त्याच्या शेजारी झोपणारी काय पाटावरची देवी आहे? तिच्यासाठी साधा एक रकाना नाही!

गुरुवार, ८ जानेवारी

सुचलं! आज मला एकदम सुचलं!

जेवणाच्या सुट्टीत मी रंभाबाईंपुढं धुसफुसत होते. की दाक्षायणीच्या हातात किट द्यायचा तर एकटीला देता येत नाही, तिला एकटीला दिला की ती विचारणार, मलाच का. रंभाबाई डब्यातली भाकरी मोडत म्हणाल्या, "सगळ्यांनाच द्या की मग. संक्रांत आलीया. वाण कुनी परत करतंय व्हय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हळदीकुंकू! दर वर्षी मी करतेच. गेल्या वर्षी गाळण्या वाटल्या, त्याच्या आधी साबणदाण्या. यंदा किट वाटायचे! दोन गल्ल्यांतल्या सगळ्या बायकांना. बोट कुणाकडंच नाही. नाव नाही, सही नाही, समोर खुर्चीत बसलेली मी नाही. आणि वाण नाकारायचं नसतं, म्हणजे कुणी परतही करणार नाही. रंभाबाईंना म्हटलं, "बघा कशी युक्ती काढली मी!" त्या हसल्या आणि डबा धुवायला गेल्या.

शनिवार, १० जानेवारी

तीस किट घरी आणले. सरांना विचारलं असतं तर मार्चपर्यंत मीटिंगच चालली असती. रजिस्टर भरायचं होतं ना? भरलं! तिसांच्या तीस ओळींत एकच नाव: वैजयंती सयाजी. तीस वेळा. तीस सह्या. घ्या म्हटलं, रजिस्टर जगवा.

रंभाबाईंनी खणाच्या पिशव्या शिवून आणल्या. काय हात आहे बाईचा! प्रत्येक पिशवीला नाडी, आत तिळगुळाची पुडी आणि चिठ्ठी ठेवायला कप्पा. चिठ्ठी मी मराठीत लिहिली, कानडीत एका बाईकडून लिहून घेतली, खाली माझा नंबर. मोजल्या तर एकतीस. म्हटलं, "अहो, तीस सांगितल्या होत्या, डोळे मिटून शिवता का?" एकतिसावीचा खण पण वेगळाच, मोरपंखी, भारीतला. उरल्या तुकड्याची केली असेल. त्या म्हणाल्या, "असू द्या. झाली एक जादा."

शुक्रवार, १६ जानेवारी

झालं एकदाचं हळदीकुंकू! पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सत्तावीस जणी आल्या. रंभाबाई नेहमीप्रमाणे आत होत्या, पिशव्या भरायला आणि मसाला दूध आटवायला. मागच्या दारानं दुपारीच येऊन कामाला लागल्या होत्या, त्यामुळं मला बाहेर मोकळेपणानं बोलता आलं. त्या नसत्या तर माझी काही धडगत नव्हती.

कुंकू लावून झाल्यावर मी उभी राहिले. एक किट फोडून दाखवला. काडी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा, मग बाटलीत. म्हटलं, "रक्तातली साखर बघतो, तसं हे बघायचं. कुणाला सांगायची गरज नाही. मलासुद्धा नाही. आजार निघाला तर गोळ्या आहेत, आणि नाही निघाला तर निघू नये म्हणूनही गोळी आहे." बायका आधी हसल्या. एकीनं विचारलं, "दिवस गेल्याचं पण कळतं का यात?" मग एकेक जण किट हातात घेऊन उलटसुलट बघायला लागली. पुढच्या बंगल्यातल्या पाटकर बाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "सवाष्णीच्या ओटीत असलं घालतात का? आमच्या घरात असलं काही नसतं." मी म्हटलं, "आजार काय चपला बघून घरात शिरतो का हो?" त्या उठून गेल्या. पिशवी घेऊन गेल्या बरं का!

दाक्षायणी आली होती, सासू पार्वतम्मांबरोबर. दोघींना दोन पिशव्या दिल्या. पोरीच्या पिशवीची नाडी मी स्वतः आवळून दिली. तिनं वाकून नमस्कार केला. मग पाणी प्यायला आत गेली, ती बाहेरच येईना. जाऊन बघते तर रंभाबाई तिच्या ब्लाऊजची बाही चिमटीत धरून म्हणतायत, "लई घट्ट हाय गं. ये की माज्याकडं, उसवून देते." मी ओरडलेच, "मी तिकडं जीव तोडून समजावतेय आणि तुम्ही बाह्या काय बघताय!" पोरगी घाबरून बाहेर पळाली.

दोन किट उरले. निघताना रंभाबाई म्हणाल्या, "एक मी नेऊ का?" म्हटलं, "तुम्हाला आता काय करायचाय तो?" म्हणाल्या, "लागंल." दिला. ती मोरपंखी पिशवी रिकामीच राहिली होती, तिच्यात मी मोबाईलचा चार्जर ठेवला. छान मावला. रंभाबाईंनी ते बघितलं आणि मागच्या दारानं गेल्या.

सोमवार, १९ जानेवारी

शिमगा! गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस माझ्याच नावानं चाललंय. "आपल्या माताभगिनींच्या चारित्र्यावर शंका." "संस्थेवाल्या बायकांचे उद्योग." लिहिणारे सगळे बाप्ये. ज्यांना वाण मिळालं त्यांतली एकही बोलली नाही. माताभगिनींच्या चारित्र्यावर शंका कुणी घेतली हो? शंका तुमच्यावर घेतलीय, कळत कसं नाही? सयाजीराव म्हणतात ग्रुप सोड. मी का सोडू? त्यांनी सोडावा!

दहा वाजता वेणीमाधव सरांनी बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. "मॅडम, तुमची तीस वेळा तपासणी झाली?"

"हो सर. समुपदेशकासमोरच झाली. मीच होते समोर."

हसायला हवं होतं माणसानं. मेमो दिला. तीन दिवसांत खुलासा. खुलाशात लिहू काय, की दोन महिन्यांत चार किट खपले आणि एका संध्याकाळी सत्तावीस? तेच लिहिते.

मंगळवार, २० जानेवारी

तीन फोन आले. तिघींनीही नाव सांगितलं नाही. तिघींची एकच रेघ. एक जण नुसती रडत होती. म्हणाली, सहा वर्षं मनात घेऊन बसले होते हो. मी पण रडले. मग लगेच राग आला. सहा वर्षं! वीस मिनिटांच्या कामाला!

दाक्षायणीचा फोन नाही. गाड्यावर भेटली, कानडी हेलात म्हणते, "अक्का, पिशवी लई छान आहे री. सासूबाईंनी उचलून ठेवलीय." उचलून ठेवलीय! आत काय होतं ते बघितलंस का गं बाई? पण विचारणार कशी. अर्धा किलो वांगी घेऊन घरी आले. वांगी कुणालाच आवडत नाहीत आमच्यात.

गुरुवार, २२ जानेवारी

आज पार्वतम्मांकडं हळदीकुंकू. मी मुद्दाम लवकर गेले, पोरीशी दोन शब्द बोलता आले तर बघावं म्हणून. पण सासू तिला क्षणभर सोडेना. सगळ्यांना स्टीलच्या वाट्या वाटल्या. माझी पाळी आली तेव्हा पार्वतम्मा स्वतः उठून आत गेल्या आणि दोन्ही हातांनी एक खणाची पिशवी आणून माझ्या ओटीत घातली. माझीच! मी वाटलेली! वर म्हणतात, "तुमचंच आहे री, तुमालाच शोभतंय." माझा हात किती वेळ धरून ठेवला होता. डोळे लाल झालेले. ऊदही फार जाळला होता त्यांनी.

घरी येऊन उघडते तर आत एक नाही, दोन किट कोंबलेले. माझी चिठ्ठी घडी करून खाली. दुसरी पिशवी ठेवून घेतली असणार, खण चांगला आहे म्हणून. काय काटकसर ही! आलेलं वाण पुढं फिरवतात लोक, मी पण एकदा साबणदाणी फिरवलीय, पण जिनं दिलं तिलाच? डोकं आहे की नाही? एवढा खटाटोप केला, मेमो खाल्ला, आणि माझा किट गल्लीला वळसा घालून माझ्याच कपाटात!

शुक्रवार, २३ जानेवारी

रंभाबाईंना पार्वतम्मांच्या काटकसरीचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना वाट्या, आन् तुमालाच पिशवी?"

"हो ना!"

"मॅडम, ती काटकसर न्हाय. वाण परत करता येत न्हाय, म्हनून तिनं वाण म्हनूनच परत केलं. तिला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"पोराचं. पोरं आईला सांगत्यात, बायकोला न्हाय. माज्या सासूला पन ठावं हुतं. दोन वर्सं. मला नवरा जाळून आल्यावर कळलं."

दोन वर्षं. बारा वर्षं या बाईबरोबर काम करतेय आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. आणि मग असा संताप आला, की पार्वतम्माच्या दारात जाऊन ओरडावं. स्वतः बाई असून! पोटच्या पोराची अब्रू राखायला दुसऱ्याची पोर आगीत ढकलायची? म्हटलं, "मी आत्ता जाते आणि सांगून टाकते. नोकरी गेली तर गेली."

"आन् उद्या कंचं पोरगं येईल तुमच्या दारात? बसा गप. तुमी लई वरडता, मॅडम. आता दोन दिस गप बसा."

रविवार, २५ जानेवारी

रथसप्तमी. संपली हळदीकुंकवं. आता गल्लीत कुणाच्या घरात शिरायला निमित्त नाही. सकाळी दाक्षायणी गाड्यावरही आली नाही. दिवसभर कुणाशी बोलले नाही. सयाजीराव दोनदा विचारून गेले, तब्येत बरी आहे ना.

बुधवार, २८ जानेवारी

एक रेघ! एकच रेघ! लिहिताना हात थांबत नाही.

रंभाबाई सकाळी ऑफिसला आल्या, चप्पल काढली, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "पोरीची झाली तपासनी. एकच रेघ." मी किंचाळले. सर केबिनमधून बाहेर आले.

झालं असं. काल दुपारी दाक्षायणी ब्लाऊज घेऊन रंभाबाईंकडं गेली. बाह्या उसवायला. शिंपिणीकडं जायला कुठली सासू अडवते? रंभाबाई सांगत होत्या, "मी माजंच सांगितलं. कुनाचं नाव न्हाय घेतलं. नवरा कसा वाळत गेला, सासू कशी गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यात लपवायची. पोरगी ऐकत बसली. मग म्हनाली, आमच्यात डाळीच्या डब्यात असत्यात. मग म्हनाली, ती काडी हाय का तुमच्याकडं?"

तो किट. 'लागंल' म्हणून नेलेला.

"वीस मिंटं ती भिताडाकडं तोंड करून बसली. मी मशीन चालवत हुते. दोन्ही बाह्या उसवून झाल्या."

मी त्यांना मिठी मारली. मग लगेच घोळ डोक्यात आला. अलीकडचं लागलेलं या काडीत दिसत नाही, दवाखान्यात रक्त द्यावं लागेल, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल, आणि गोळी तर आजच हवी. आणि फॉर्मात रकाना नाही!

दाक्षायणीनं काल संध्याकाळीच घरी विचारलं. डाळीचा डबा मधे ठेवून. चनबसप्पा रडला म्हणे. सासू उंबऱ्यात बसून राहिली. दाक्षायणीनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि सांगितलं, आजपासून मी बाहेरच्या खोलीत झोपणार. बावीस वर्षांची पोर!

सोमवार, २ फेब्रुवारी

दाक्षायणीला घेऊन गेले वरच्या ऑफिसात. फोनवरचेच साहेब. पुन्हा तेच. गट कोणता? मी म्हटलं, "बायको." तेही पुन्हा तेच, "तसा गट नाही." मग म्हणाले, "बरं, नवऱ्याचं संमतिपत्र आणलंय का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी बोलली. इतक्या हळू, की साहेबांना पुढं वाकावं लागलं.

"साहेब, आजार घरात आणताना त्यांनी माझी सही घेतली नव्हती. गोळी माझ्या घशाखाली जाणार. त्यांची कशाला?"

साहेबांनी फॉर्म ओढला. तळाशी 'इतर' असा एक रकाना होता. होता! महिनाभर तिथंच होता! त्यात त्यांनी लिहिलं, 'पत्नी'. दवाखान्यात रक्त दिलं. सगळं ठीक आलं तर गुरुवारी गोळ्या.

परत येते तर वेणीमाधव सर खुशीत. सत्तावीस किटांचा आकडा वर आवडलाय. मेमो मागं, आणि अहवालात लिहिलंय, 'संस्थेचा अभिनव उपक्रम, संकल्पना: प्रकल्प व्यवस्थापक.' यांची संकल्पना! दुसऱ्याचं डोकं वापरायचं आणि नाव स्वतःचं लावायचं, लाज कशी वाटत नाही माणसाला? रंभाबाईंना तावातावानं सांगितलं, तर त्या माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. मला कळलं नाही, का हसल्या.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

रक्त स्वच्छ आलं. गोळ्यांची बाटली मिळाली. तीस गोळ्या, महिन्याच्या. दाक्षायणी घरी न जाता माझ्याकडंच आली. पहिली गोळी माझ्या स्वयंपाकघरात घेतली, माझ्या तांब्यातल्या पाण्यानं. मी घड्याळ बघून सांगितलं, रोज हीच वेळ. ती म्हणाली, "अक्का, लई कडू नाही री." आणि मग मात्र ढसाढसा रडली.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "एक बघायचं होतं. रंभाअक्कांनी एकतिसावी पिशवी शिवलेली, मोरपंखी. त्यांच्या लग्नातल्या शालूची. कुठाय ती?"

मी म्हटलं, "शालूची?"

"त्या म्हणाल्या, तीस सगळ्यांना आणि एक मला. वाटलं होतं, यंदा वैजयंतीबाई मला पण वाण देतील. युक्ती मीच सांगितलेली की."

चार्जर तिच्यासमोरच टेबलावर होता. पिशवीत.

दाक्षायणी गेल्यावर मी ही वही पहिल्यापासून वाचली. "नेहमीप्रमाणे आत होत्या." माझंच अक्षर. "मला एकदम सुचलं." तेही माझंच. महिनाभर मी लोकांच्या नावानं बोंबलतेय, बायकोला रकाना नाही, बायकोला रकाना नाही. आणि माझ्या हळदीकुंकवाच्या यादीत? बारा वर्षांत एकदाही मला सुचलं नाही, की ही बाई मागच्या दारानं का येते. मीच कधी पुढच्या दारानं बोलावलं नव्हतं. तिनं नाही, मी! इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका राग कधी कुणाचा आला नव्हता.

चार्जर काढला, पिशवी घेतली आणि तशीच रंभाबाईंकडं गेले. त्या मशीनवर होत्या. दारातच म्हटलं, "रंभाबाई, तुमचं वाण राहिलं होतं."

त्यांनी मशीन थांबवलं. पिशवी घेतली, नाडी सोडली, आत बघितलं.

"रिकामी हाय की."

मी काहीच आणलं नव्हतं. तिळगूळ नाही, काही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "माझं चुकलं."

"व्हय. चुकलं." एवढंच म्हणाल्या. माझी समजूत घातली नाही, असू द्या म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सरांच्या रजिस्टरात माजं नाव पहिल्या पानावर हाय, मॅडम. आजारी म्हनून सगळीकडं लिवलेलं हाय. बाई म्हनून कुटंच न्हाय."

त्यांनी पिशवी घडी करून मशीनच्या खणात ठेवली, चाक हातानं फिरवलं आणि वर न बघता म्हणाल्या, "पुढल्या संक्रांतीला हळदीकुंकू माज्याकडं. समद्या जनी येतील, नवरा असलेल्या, नसलेल्या. दाक्षायणी बाहेर बसून किट समजावंल. मी पन बाहेर बसनार."

"आणि मी?"

"तुमी आत. पिशव्या भरायच्या आन् दूध आटवायचं. मागल्या दारानं या, दुपारीच."

मी हो म्हणाले.